शिक्का मारलेला सल्ला

२ डिसेंबर, मंगळवार

मोठे सर आजपासून प्रशिक्षणाला गेले. जाताना त्यांनी कपाटाची किल्ली आणि शाळेचा गोल शिक्का माझ्या हातात ठेवला. म्हणाले, "आदिनाथ, शाळा तुमच्यावर. शिक्का जपून वापरा." शाळा म्हणजे दोन खोल्या, चार इयत्ता आणि आम्ही दोघं शिक्षक, त्यातला आता मी एकटा. शिक्षणसेवक म्हणून लागल्यापासून या गावात मला कुणी हिंग लावून विचारत नाही. शिक्का खिशात आला आणि छाती जरा फुगली, खोटं कशाला बोलू.

चौथीला औपचारिक पत्रं शिकवायची आहेत. सल्ला मागणारं आणि सल्ला देणारं. पुस्तकातला नमुना मुलं पाठ करतात आणि सहामाहीनंतर विसरतात. म्हणून मी एक युक्ती काढली. अर्ध्या वर्गानं सल्ला मागायचा आणि अर्ध्यानं अधिकारी होऊन तो द्यायचा. कुणी डॉक्टर, कुणी तहसीलदार, कुणी ग्रामसेवक. यात तिसरी पायरी माझी स्वतःची: मिळालेला सल्ला पाळायचा आणि काय झालं ते आभाराच्या पत्रानं कळवायचं. ऐकावं जनाचं, करावं मनाचं, हे माझ्या वर्गात चालणार नाही असं मी जाहीर केलं. आणि प्रत्येक सल्ल्यावर शाळेचा शिक्का बसेल असंही सांगून टाकलं. पोरं एकदम ताठ बसली.

मोठ्या सरांना फोनवर यातलं काही बोललो नाही. त्यांनी शंका काढल्या असत्या.

आजही दिवा चालू ठेवूनच झोपणार. केसरबाई, माझी घरमालकीण, रोज हसते. "मास्तर, अंधार काय तुमाला खातो का?" मी बीड शहरात वाढलो, तिथं अंधारसुद्धा पुरता होत नाही. इथं दिवस कलला की उसाच्या बाजूला बघवत नाही.

४ डिसेंबर, गुरुवार

सल्ला मागणारी पत्रं आली. एकानं डॉक्टरांना विचारलंय की चुलता घोरतो, त्याला कोणत्या कुशीवर झोपवावं. एकीनं तहसीलदारांना विचारलंय की धाकटा भाऊ पेन्सिल परत देत नाही, काय कारवाई करावी. हसून हसून पोट दुखलं.

पौर्णिमाचं पत्र मात्र ठीकठाक होतं. ही पोरगी ओढ्यापलीकडच्या वस्तीवर आजीजवळ राहते. आईबाप ऊसतोडीला कोल्हापूरकडं गेलेत. आजी सरूबाई अर्जुनरावांच्या शेताची राखण करते. पत्र असं होतं:

"प्रति, मा. पशुवैद्यकीय अधिकारी. विषय : मांजरीच्या पिल्लांबाबत सल्ला मिळणेबाबत. महोदय, आमच्या घरामागं उसात पाचटावर मांजरीची पिल्लं आहेत. मांजर दिसत नाही. पिल्लांच्या अंगावर काळे ठिपके आहेत, कान गोल आहेत, पाय लई जाड आहेत. आजी म्हणते ही आपल्या इकडच्या मांजरीची न्हाईत. तरी त्यांना काय खाऊ घालावे, कसे जपावे, याचा सल्ला द्यावा. आपली नम्र, पौर्णिमा."

मांडणी छान. पण ठिपक्यांपासून आजीपर्यंतचं सगळं मी लाल पेनानं खोडलं आणि बाजूला लिहिलं: "औपचारिक पत्रात वर्णन व घरगुती मजकूर नको. मुद्द्याचे लिहावे." ती उठून उभी राहिली. "सर, ठिपके लिवले न्हाई तर त्येला कळंल कसं?" मी म्हणालो, "अधिकाऱ्याला वेळ नसतो, पौर्णिमा." वर्ग हसला. तिनं मुकाट्यानं दुसरी प्रत काढली, ठिपके वगळून. दहापैकी नऊ गुण दिले.

८ डिसेंबर, सोमवार

आज सल्ल्यांचा दिवस. पौर्णिमाचं पत्र संस्कृतीकडं गेलं होतं. संस्कृती ही अर्जुनरावांची नात. अर्जुनराव म्हणजे गावातले मोठे बागायतदार, शिवाय आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष. त्यांच्या घरी रोज अर्ज-विनंत्या येतात, त्यामुळं या पोरीला सरकारी भाषा दुधाबरोबरच मिळालीय. तिचं उत्तर इथं उतरवून ठेवतो, इतकं आवडलं:

"आपले पत्र मिळाले. मजकूर समजला. सध्या थंडीचे दिवस असल्याने पिल्लांना उघड्यावर ठेवणे योग्य नाही. तरी आपण त्यांना घरी आणून गोणपाटात ठेवावे. शेळीचे दूध कोमट करून पाजावे. मांजर पिल्लांना सात घरे फिरवते, तरी ती आल्यास दार लावून घ्यावे. कार्यवाही करून तसे कळवावे."

मी ते वर्गापुढं वाचून दाखवलं, खाली सही केली आणि शिक्का मारला. सगळी पोरं टाचा उंच करून बघत होती. पौर्णिमानं कागद दोन्ही हातांत घेतला. "सर, आता हे खरं झालं का?"

"शिक्का बसला म्हणजे खरंच," मी म्हणालो.

संध्याकाळी केसरबाईनं बातमी आणली. अर्जुनरावांच्या खळ्यावरचा कुत्रा दोन दिवस झाले दिसत नाही, नुसती साखळी पडलीय. अर्जुनराव म्हणतात तरस असेल. केसरबाई म्हणते वाघ. मी म्हणालो, आपल्याकडं वाघ कुठला? पण जेवण गेलं नाही.

१० डिसेंबर, बुधवार

केसरबाईची शेळी गेली. मी झोपतो त्या भिंतीच्या पलीकडून.

पहाटे तिचा आरडाओरडा ऐकून उठलो. खरं सांगायचं तर उठून बसलो, बाहेर गेलो नाही. भिंतीपलीकडं इतके लोक बोलायला लागले की आता आपल्यालाच धरून खाणार नाही अशी खात्री झाली, मगच कडी काढली. दावणीजवळच्या ओल्या मातीत पंजाचे ठसे उमटले होते. एकाशेजारी मी माझा हात धरून बघितला आणि लगेच मागं घेतला.

दुपारी वनरक्षक आले. गहिनीनाथ नाव, माझ्याच वयाचे. ठसे मोजून म्हणाले, "बिबट्याची मादी दिसतीय. मागं पिल्लं असत्याल. अशा वक्ताला ती लई तापट." अर्जुनराव चिडले. सोमवारी त्यांच्या फडात टोळी शिरणार आहे. (गंमत अशी की आपले लोक कोल्हापूरकडं तोडायला जातात आणि आपला ऊस तोडायला दुसरीकडून टोळी येते.) "तुमच्या मादीसाठी माझा ऊस वाळवू का?" असं त्यांनी गहिनीनाथला सगळ्यांदेखत विचारलं.

माझी पाचावर धारण बसलीय. परसाकडं जाताना केसरबाईच्या नातवाला सोबत घेतो. तो दुसरीत आहे.

पौर्णिमा काल आली नाही, आज उशिरा आली. डोळे तारवटलेले. हातावर मनगटापर्यंत ओरखडे. विचारलं तर म्हणाली, "उसाचं पान लागलं." बाकावर डोकं ठेवून झोपली ती जेवणाच्या सुट्टीपर्यंत. मी उठवलं नाही. आईबाप जवळ नसले की लेकरांची अशी आबाळ होते.

१२ डिसेंबर, शुक्रवार, दुपार

शाळेतच लिहितोय. मुलं सोडलीत. लिहिलं नाही तर मी इथं नुसता बसून राहीन.

सकाळी गहिनीनाथ मुलांना समजावून सांगायला आले. एकट्यानं हिंडू नका, वाकून बसू नका, मोठ्यानं बोलत चला. मग मोबाईलवर पिल्लाचं चित्र दाखवलं. "असं पिल्लू दिसलं तर हात लावायचा न्हाई. आई जवळच असती. पिल्लाच्या मागं मागं ती घरापर्यंत येती." ठिपके. गोल कान. जाड पाय. चित्र बघून मला कसंतरी झालं, पण का ते उमगलं नाही. पौर्णिमा आजही गैरहजर. संस्कृतीनं हात वर केला, मग खाली घेतला. मी म्हणालो, मध्ये बोलू नये.

गहिनीनाथ गेल्यावर ती माझ्याजवळ आली. दप्तरातून चतकोर कागद काढला. वस्तीवरून दूध घालायला येणाऱ्या माणसाच्या हाती पौर्णिमानं तो तिला पाठवला होता. आभाराचं पत्र. तिसरी पायरी.

"महोदय, आपल्या सल्ल्याप्रमाणे पिल्लू घरी आणले. एकच सापडले, बाकीच्यांसाठी परत गेले तर ती नव्हती. दूध थोडे थोडे पिते, चावते. रोज अंधार पडला की त्याची आई येते. लई मोठी आहे. कूड खाजवते. आपल्या सल्ल्याप्रमाणे आम्ही दार लावून घेतो. आजी चूल विझू देत नाही. मला झोप येत नाही. पुढील सल्ला द्यावा. आपले आभार मानते. आपली नम्र, पौर्णिमा."

आपली नम्र. मांडणीत एकही चूक नाही.

ठिपके मी खोडले. शिक्का मी मारला.

आणि हे वाचून मला पहिल्यांदा कोण आठवलं? पौर्णिमा नाही. मोठे सर आठवले, माझी नोकरी कायम व्हायची राहिलीय ते आठवलं, आणि तो शिक्क्याचा कागद कुठं असेल, परत मिळेल का, हे आठवलं. लाज वाटते, पण खरं ते लिहितो.

गहिनीनाथचा फोन लागत नाही. अर्जुनरावांकडं पळत गेलो. जीप अंगणात उभी होती. संस्कृतीनं त्यांना आधीच सगळं सांगितलं असावं, कारण तिचं रडणं बाहेर ऐकू येत होतं. ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "आता दिस कलला. सकाळी बगू. वस्तीवर माणसं ऱ्हायलेलीच हायत न इतके दिस?" मी म्हणालो, तुराट्यांच्या कुडाचं घर आहे, आत म्हातारी आणि लेकरू आहे. ते म्हणाले, "तुमाला एवढी काळजी असल तर तुमी जा मास्तर."

उन्हं पिंपरणीच्या झाडावर आहेत अजून. मोटारसायकल बाहेर उभी आहे. मला जायचं नाही. मला अजिबात जायचं नाही.

१३ डिसेंबर, शनिवार

जिवंत आहे. सकाळी घरी आलो आणि केसरबाईनं दिलेला चहा अंगावर सांडला, बाकी काही नाही.

काल ओढ्यापासून वस्तीपर्यंत हॉर्नवरचं बोट काढलं नाही. दोन्ही बाजूंना ऊस, मधून बैलगाडीची वाट. मानेवर सारखं कुणीतरी बघतंय असं वाटत होतं. दारात सरूबाई उभी होती, हातात कोयता. "जय भीम गुरुजी. बरं झालं आलाव. सरकारचा दुसरा कागद आनलाव का?"

मी तिच्या बाजूनं आत शिरलो.

आत कोपऱ्यात कोंबड्या झाकायचं डालं उपडं घातलं होतं, वर पाटा ठेवलेला. त्याच्याखाली ते होतं. दोन डोळे आणि एक फिसकारा. शेजारी पौर्णिमा बसलेली. कुडाच्या एका बाजूचा लिंपण-गिलावा बाहेरून खरवडून निघाला होता. तुराट्या उघड्या पडल्या होत्या आणि त्यातून संध्याकाळचा उजेड आत येत होता. आणखी एक रात्र ती भिंत टिकली नसती, हे माझ्यासारख्या शहरी माणसालाही कळलं.

"आजी, हे मांजर नाही, हे तुम्हाला कळलं नव्हतं?"

"कळलं न्हाई कसं? पहिल्याच दिशी म्हनले, हे वाघराचं पिल्लू हाय, जा टाकून ये. तर ही म्हनली, आजी, शाळेचा शिक्का हाय. मला वाचाय येत न्हाई गुरुजी, पर शिक्का वळखू येतो. रेशनच्या कागदावर असतो तसला." तिनं पत्र्याच्या फटीतून घडी काढून दाखवली. "सरकारनं सांगितल्यावर आमी मोडावं कसं? चार रोज जीव मुठीत धरून ऱ्हायलो, पर कागद मोडला न्हाई."

माझा हात पुढं गेला. पिल्लाकडं नाही, कागदाकडं. म्हातारीनं तो परत फटीत खोचला.

विहिरीच्या काठावर फोनला रेंज मिळाली आणि गहिनीनाथ लागले. ते पटकन बोलत होते. "सर, दिस बुडायच्या आत पिल्लू जिथनं आनलं तिथंच ठिवा. गोणपाटासकट. पळू नका, वाकू नका, मोठ्यानं बोलत जा."

"तुम्ही आल्यावर नेऊ की."

"मला यायला अंधार पडंल. अंधारात त्या फडात मी बी शिरनार न्हाई. आन् पिल्लू आज घरात ऱ्हायलं तर ती कूड ठिवायची न्हाई सर."

जागा फक्त पौर्णिमाला माहीत, ती माझ्यामागं विहिरीवर आली होती. मी तिला म्हणालो, मला सांग, मी एकटा जातो. ती म्हणाली, "तुमी चुकाल. सगळ्या सऱ्या सारख्याच दिसत्यात." फोनवर गहिनीनाथनी ते ऐकलं. "लेकराला खाली चालवू नका, सर. खांद्यावर घ्या. उंच दिसलं पायजे."

असा मी उसात शिरलो. खांद्यावर चौथीतली पोरगी, हातात गोणपाट, त्यात वळवळणारं ते. उसाची पानं गालाला कापत होती. चार पावलांवर उजेड संपला. आत गार होतं आणि कुजका, उग्र वास होता.

"डावीकडं, सर."

मोठ्यानं बोलायचं होतं आणि मला एक शब्द सुचेना. वरून पौर्णिमाच ओरडली, "प्रति!"

मी थांबलो. ती परत ओरडली, "सर, म्हना की! प्रति!"

"मा. पशुवैद्यकीय अधिकारी!" मी ओरडलो.

"विषय!"

"पिल्लांबाबत!"

"महोदय!"

असं आम्ही अख्ख्या सरीभर पत्र ओरडत गेलो. गावात सांगितलं तर लोक वेड्यात काढतील. "महोदय"पाशी ती गप्प झाली आणि माझ्या केसांत तिची बोटं घट्ट झाली. "हितंच."

पाचट दबून खळगा झाला होता. तेवढ्यात उजवीकडून आवाज आला, ओल्या लाकडात करवत ओढावी तसा. एकदा. मग पुन्हा, जरा जवळून. गुडघे आपोआप मोडायला लागले.

"सर, वाकू नका," ती कानात म्हणाली. रडत नव्हती. "त्येनी सांगितलंय, वाकायचं न्हाई."

मग मी गोणपाट मांडीवरून, मग पायावरून घसरवत खाली सोडलं. पाठ न फिरवता मागं मागं निघालो. दोघंही "महोदय, महोदय" एवढंच म्हणत होतो, पुढचं आठवेना. मागं उजेड लागला, बांध लागला, सरूबाईचा हात लागला. तिथं मी बसलो तो उठलोच नाही. पौर्णिमाला खांद्यावरून आजीनं उतरवून घेतलं.

गहिनीनाथ आले, त्यांनी बांधाजवळ फटाके फोडले नाहीत की काही नाही, नुसतं गप्प बसायला लावलं. रात्री कूड कुणी खाजवला नाही. सकाळी त्यांच्याबरोबर जाऊन बघितलं तर गोणपाट रिकामं होतं आणि ठसे ओढ्याच्या अंगाला गेले होते, मोठे. लहानांचे नव्हते. "तोंडात धरून नेलं," ते म्हणाले. मला हुंदका आला. त्यांनी दुसरीकडं बघितल्यासारखं केलं.

१५ डिसेंबर, सोमवार

फड तपासून झाल्यावर टोळी शिरली. मादी ओढा उतरून पलीकडच्या माळाकडं गेली असावी, असं गहिनीनाथ म्हणतात. मला अजून भिंतीपलीकडं काही हललं की दचकायला होतं. पण आता दुसरीच भीती सुरू झालीय.

गावात बोललं जातंय की वस्तीवरच्या पोरीनं वाघीण गावात आणली. केसरबाईसुद्धा म्हणाली, "माझी शेळी त्या पोरीपायी गेली." शाळेत पोरं पौर्णिमाजवळ बसेनात. ती बाकाच्या टोकाला एकटी, वही उघडून बसली होती. संस्कृती तिच्या बाजूला जायला उठली आणि परत बसली.

अर्जुनराव दुपारी शाळेत आले. खुर्चीत बसले, पाणी प्यायले. "मास्तर, पोरीनं खेळात काहीतरी लिवलं. आमच्या संस्कृतीचं नाव ह्यात कुटं यायला नको. तुमचं बी यायला नको, तुमी अजून कायम झालेला न्हाव. तो कागद हाय कुटं?"

"सरूबाईकडं."

"मग आना आन् द्या जाळून. पोरगी पिल्लू घेऊन आली, तिला कळलं न्हाई. एवढंच. हाय काय त्यात?"

एवढंच. किती सोपं आहे. मी "बघतो" म्हणालो. मी नेहमी "बघतो" म्हणतो.

१७ डिसेंबर, बुधवार

मोठ्या सरांना फोन करून सगळं सांगितलं. सुरुवात केली तेव्हा मध्येच थांबून "नंतर बोलतो" म्हणावंसं वाटलं, पण सांगितलं. त्यांनी तारखा विचारून घेतल्या. मग म्हणाले, "लेखी द्या." पुढं काय होईल ते बोलले नाहीत.

लेखी. बरं. रात्रभर बसून तीन-चार कागद फाडले. सरकारी भाषेत चूक कबूल करायला शब्दच नाहीत, सगळी वाक्यं "झाले असल्याचे निदर्शनास आले" अशी संपतात, जणू कुणी केलंच नाही. शेवटी साधं लिहिलं. एक प्रत मोठ्या सरांना, एक शाळेच्या फळ्याशेजारी, एक सरूबाईला.

१८ डिसेंबर, गुरुवार

सकाळी वर्गात वाचून दाखवलं. "श्रीमती सरूबाई यांस. पौर्णिमाने पत्रात लिहिले होते की पिल्लांच्या अंगावर काळे ठिपके आहेत, कान गोल आहेत, पाय जाड आहेत, आणि आजी म्हणते ही मांजरीची नाहीत. हे सर्व मी खोडले. न वाचल्यासारखे केले आणि चुकीच्या सल्ल्यावर शाळेचा शिक्का मारला. पिल्लू घरी आणणे हा पौर्णिमाचा दोष नाही. तिने शाळेचे ऐकले. मला माफ करावे. आदिनाथ, शिक्षणसेवक."

संस्कृती उठली, दप्तर उचललं आणि पौर्णिमाच्या बाकावर जाऊन बसली.

पौर्णिमानं कागद हातात घेऊन उलटा-सुलटा बघितला. "सर, शिक्का?"

शिक्का मी त्या शुक्रवारपासून कपाटात कुलूप लावून ठेवलाय. मी म्हणालो, याला शिक्क्याची गरज नाही, सही आहे.

"न्हाई सर," ती म्हणाली. "शिक्का न्हाई मारला तर आजी मानायची न्हाई."

कपाट उघडलं. शिक्का मारला, कड जरा पुसट उमटली.

शाळा सुटल्यावर तिच्याबरोबर वस्तीवर गेलो. दिवसा, आणि तरीही हॉर्न वाजवत. सरूबाईनं कुडाचा उघडा भाग शेणमातीनं लिंपून घेतला होता, अजून ओला होता. मी पत्र मोठ्यानं वाचलं. तिनं ऐकलं, मग पत्र्याच्या फटीतून पहिला कागद काढला आणि दोन्ही शेजारी शेजारी धरले. ती त्या दोन गोल ठशांकडं बघत होती.

"दोनीवर शिक्का हाय, गुरुजी. मंग ह्यातला खरा कंचा धरू?"

काय सांगणार होतो? नवा खरा, कारण तो मी म्हणतो? जुनाही मीच म्हणालो होतो.

पौर्णिमानं दोन्ही कागद आपल्याकडं ओढले आणि ओळींवरून बोट फिरवलं. एका ठिकाणी ते थांबलं.

"आजी, ज्यात ठिपके लिवल्यात त्यो."

सरूबाईनं तो घडी करून फटीत खोचला. दुसरा मला परत दिला. जाळायला मन झालं नाही, या वहीत ठेवलाय. उद्या मोठे सर येतील, परवा समितीची बैठक आहे, अर्जुनराव अध्यक्ष. दिवा चालूच ठेवून झोपणार आहे.